थॅकरे, पवार, वालूरकर

परभणीत निवडणूक लागली की वसमत रस्त्यापासून बसस्थानकापर्यंत खांबाखांबावर एक आडनाव टांगलेलं असतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिवसेना मराठवाड्यात रुजली, परभणीनं तिला जवळ केलं, आणि तेव्हापासून ठाकरे हे आडनाव इथं शेजारच्या घरातलं असावं तसं घेतलं जातं. कुणी जीव लावून घेतो, कुणी दात-ओठ खाऊन. फलकावर ते देवनागरीत असतं, त्यामुळं त्यात वेगळं काही दिसत नाही. पण इंग्रजी वर्तमानपत्र हातात घ्या. विदर्भातले ठाकरे आपलं आडनाव इंग्रजीत जसं सुटसुटीत लिहितात, तसं हे नाही. मधे सी आणि के जोडीनं उभे, शेवटी ए आणि वाय. ही अक्षरं मुंबईची नाहीत, पनवेलचीही नाहीत. ती एका इंग्रज कुटुंबाची आहेत.

केशव सीताराम ठाकरे १७ सप्टेंबर १८८५ ला पनवेलला जन्मले. (१७ सप्टेंबर हा आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचा झेंडावंदनाचा दिवस. १९४८ साली त्या तारखेला निजामानं हात टेकले. योगायोग आहे, त्यातून काही काढायचं नाही.) वडील पनवेलकर असं आडनाव लावत. मुलाला शाळेत घालताना मात्र त्यांनी घराण्याचं जुनं आडनाव म्हणून ठाकरे सांगितलं आणि तेच पटावर चढलं. पुढं केशवरावांना विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराच्या लेखनाची गोडी लागली आणि त्यांनी आपल्या आडनावाची इंग्रजी अक्षरं त्याच्यासारखी करून घेतली. १९२१ मध्ये त्यांनी ‘प्रबोधन’ काढलं, लोक त्यांना प्रबोधनकार म्हणू लागले. पनवेलचा ‘कर’ सुटला तो सुटला, पण पाक्षिकाचा ‘कार’ येऊन चिकटला.

एका माणसाच्या नावामागं बापाचं गाव, शाळेचा पट, परक्या लेखकावरची माया आणि स्वतःचं पाक्षिक असा सगळा संसार. यातलं रक्तातून आलेलं किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला यात शाळेचा पट सगळ्यात मोठा वाटतो. त्याच्याकडं येतोच, आधी त्या इंग्रजांचं बघू.

यॉर्कशायरमध्ये फ्यूस्टन नावाचा जलाशय आहे. त्याच्या पाण्याखाली थॅकरे नावाची एक वस्ती गेली आणि आडनावांचे अभ्यासक या आडनावाचं मूळ तिथं दाखवतात. समुद्रापलीकडून येऊन उत्तर इंग्लंडात स्थिरावलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीत त्या जागेचं नाव पडलेलं होतं: छपरावर घालायचं लव्हाळं जिथं उगवतं तो कोपरा. त्या कोपऱ्यातून उठून एखादा माणूस पलीकडच्या गावात राहायला गेला असेल, तिथं लोक त्याला थॅकरेचा म्हणाले असतील. गावातच राहिलेल्या माणसाला गावाचं नाव लावून काय करायचं? गाव सुटलं की गाव चिकटतं. इंग्रजांना ‘कर’ जोडायची सवय नाही एवढंच, बाकी रीत आपलीच. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष खरं तर डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावचे वॉशिंग्टनकर, आणि गुलामगिरी उठवणारे ते लिंकनकर.

गाव पाण्याखाली जावं आणि आडनाव वर राहावं, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला नवी नाही. पूर्णा नदीवर येलदरीचं धरण झालं, लोअर दुधनाचं झालं, गावठाणं उठली. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा होता. त्याच्या आडनावाचं गाव येलदरीच्या पाण्यात होतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो आणि आम्ही नारळ फोडायला जातो, असं तो सांगायचा. त्याची मुलं आता पुण्यात आहेत. त्यांना आडनावाचा अर्थ कुणी विचारला तर ती ‘गावाचं नाव आहे’ म्हणतात आणि नकाशात दाखवायला जावं तर तिथं निळा रंग.

कादंबरीकार थॅकरेचे पूर्वज यॉर्कशायरच्याच हॅम्प्सथ्वेट गावचे. आजोबा, त्यांचंही नाव विल्यम मेकपीस, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सिल्हेटला होते आणि कंपनीला हत्ती पुरवायचा जोडधंदा करत. वडील रिचमंड कलकत्त्याला महसुलाच्या कामात. कादंबरीकार स्वतः १८११ मध्ये कलकत्त्यातच जन्मला आणि पोरवयात इंग्लंडला रवाना झाला. म्हणजे या आडनावाला हिंदुस्थान काही परका नव्हता. पण मला थांबवलं ते त्याच्या चुलत्यानं.

सेंट जॉन थॅकरे हा धारवाडचा कलेक्टर. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र वारले. त्यांचं दत्तक कंपनी सरकारला मान्य नव्हतं. थॅकरेनं कित्तूरच्या खजिन्याला मोहरा लावल्या आणि फौज घेऊन किल्ल्यासमोर बसला. २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्माचे लोक किल्ल्याचा दरवाजा उघडून बाहेर पडले, आणि त्या चकमकीत हा कलेक्टर मारला गेला. पुतण्या तेव्हा तेरा वर्षांचा, लंडनच्या चार्टरहाउस शाळेत होता. भांडण कशाचं होतं ते पाहा: देसाई हे नाव पुढं कुणी लावायचं आणि त्या नावामागची जमीन कुणी खायची. देसाई म्हणजे तिकडचा देशमुखच, परगण्याचा वसुली अधिकारी. एका कारभारी आडनावाचा निकाल लावायला निघालेला माणूस आपलं आडनाव बेळगाव जिल्ह्याच्या इतिहासात सोडून गेला. पुढं एका मराठी माणसानं तीच अक्षरं हौसेनं उचलली आणि सीमाभागासाठी सर्वांत जास्त आवाज करणारा पक्ष त्या आडनावानं ओळखला जाऊ लागला. बेळगावात त्याच आडनावाची घोषणा ज्यांनी दिली, त्यांच्यापैकी कितीजणांच्या कानावर कित्तूरचा थॅकरे गेला असेल, कुणास ठाऊक.

आणखी एक गंमत. कादंबरीकाराला मुलगा नव्हता. तीन मुली झाल्या, एक तान्ही असतानाच गेली. थोरली अ‍ॅन लेखिका झाली आणि लग्नानंतर रिची झाली. धाकटी मिनी लेस्ली स्टीफनला दिली. हा स्टीफन पुढं दुसऱ्या बायकोकडून व्हर्जिनिया वुल्फचा बाप झाला. त्या घरात थॅकरे हे आडनाव मुलींपाशी थांबलं आणि इकडं परभणीच्या खांबावर येऊन बसलं.

आता शाळेच्या पटाकडं.

आमच्या घरात दोन आडनावं आहेत. थोरले काका पवार, आम्ही वालूरकर. सख्खे भाऊ, एका आईचे, एका चुलीवर वाढलेले. वालूर हे सेलू तालुक्यातलं गाव. हल्ली त्याचं नाव निघतं ते बारवेसाठी. गावकऱ्यांनी गाळ उपसला आणि खाली गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या वर आल्या. काकांना आजोबांनी गावातल्याच शाळेत घातलं. तिथल्या गुरुजींना सगळं गाव पाठ. त्यांनी न विचारता पवार लिहिलं. वडिलांना शिकायला सेलूत मावशीकडं ठेवलं. तिथल्या मास्तरांनी पोराला समोर उभं केलं. नाव काय? सांगितलं. बापाचं नाव? सांगितलं. कुठला रे तू? वालूरचा. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि वालूरकर लिहून टाकलं. जन्मतारीख विचारायचा प्रश्नच नव्हता, ती १ जून. मराठवाड्यातली निम्मी जुनी पिढी १ जूनला जन्मली आहे ती अशीच. मास्तरांनी एका बैठकीत पोराला वाढदिवसही दिला आणि खानदानही दिलं.

यात कुणाचं अडलं नाही, आजोबा होते तोवर. ते गेले आणि सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली. एका कार्यालयात टेबलापलीकडच्या बाबूनं दोन्ही आधार कार्डं शेजारी-शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे भाऊ कसे? आडनावच जुळंना.” काका चिडले. “साहेब, थोबाड बघा की आमचं,” म्हणाले. थोबाड खरंच एक होतं, पण थोबाडाला रकाना नसतो. मग शंभराच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र झालं की पवार आणि वालूरकर ही एकाच बापाची मुलं आहेत. सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला. तरी साहेब म्हणाले, जुना कागद आणा.

जुना कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी, आजीच्या इरकली लुगड्याखाली सापडला. आठ घड्या घातलेला, घड्यांवर मागून मांजरपाटाच्या पट्ट्या डकवलेल्या, एका कोपऱ्यावर पाण्याचा पिवळा डाग. डागाच्या कडेनं शाई थोडी जांभळी झालेली. वर निजाम सरकारचा शिक्का. सगळं उर्दूत. वाचणारं कोण? तहसीलसमोरच्या एका अर्जनवीसानं नाव सुचवलं म्हणून आम्ही एका निवृत्त उर्दू शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी कागद उशीवर पसरला, भिंग काढलं आणि उजवीकडून बोट फिरवत निघाले. सन फसली १३४०, म्हणजे इसवी १९३०-३१. मौजे वालूर. मग पणजोबांचं नाव. मग ‘वल्द’, आणि त्यांच्या वडिलांचं नाव, जे आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. मग ‘कौम’. मग ‘साकीन’. बोट थांबलं.

“आडनाव?” काकांनी विचारलं.

“आडनाव नाही यात,” चाचा म्हणाले. “लागतच नव्हतं, भाऊ. बाप कोण, जात कोणती, राहतो कुठं, एवढं सरकारला पुरे होतं.”

काकांचा चेहरा उतरला. त्यांना पवार निघेल असं वाटत होतं, आणि मला वाटतं वडिलांनाही मनातून वालूरकर निघावं असं वाटत असेल. दोघांचंही निघालं नाही. मला मात्र त्या दुपारी आडनावांचा सगळा कारखाना उघडा पडल्यासारखा झाला. कारण त्या कागदावर आडनाव नसलं तरी आडनावं ज्यातून होतात तो सगळा माल तिथं ओळीनं मांडलेला होता. वल्द म्हणजे बाप. इंग्रजांकडं तो शेवटी ‘सन’ होऊन लागतो, जॉन्सन म्हणजे जॉनचा वल्द. साकीन म्हणजे गाव. तो आपल्याकडं ‘कर’ होतो. राहिला धंदा किंवा हुद्दा. त्याचं इंग्रजांकडं स्मिथ होतं, आपल्याकडं लोहार, चौधरी, पाटील. फक्त यातलं कोणतं उचलायचं हे घरातल्या कुणी ठरवलेलं नसतं. ते लिहिणारा ठरवतो.

इंग्लंडातही लिहिणाऱ्यानंच ठरवलं. १०६६ मध्ये नॉर्मन आले तोवर तिथल्या सामान्य माणसाला पिढीजात आडनाव नव्हतं. पुढच्या तीनेकशे वर्षांत ते हळूहळू चिकटलं. वरच्यांना आधी, खालच्यांना नंतर. राजाला लढायांसाठी पैसा हवा होता म्हणून १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा डोईपट्टी बसवली, आणि डोई मोजायची तर एका गावातले पाच जॉन वेगळे करायला हवेत. यॉर्कशायरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या आज आडनावं शोधणाऱ्यांची खाण आहेत. तिसऱ्या पट्टीला लोक इतके विटले की बंड झालं आणि त्याचा पुढारी होता वॉट टायलर. टायलर म्हणजे कवेलू घालणारा. ते त्याचं आडनाव होतं की नुसता धंदा, हा प्रश्न त्याला स्वतःला विचारला असता तर त्याला कळलाही नसता. पुढं १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची वही ठेवावी. पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. म्हणून थॅकरेचे थॅकरा झाले, थॅकव्रे झाले, आणि सख्ख्या भावांची घराणी अक्षरांनी वेगळी पडली. आमच्या घरात एका पिढीत झालं, त्यांच्याकडं थोडा वेळ लागला.

मराठवाड्यात लिहिणाऱ्याचं महत्त्व आणखी एका तऱ्हेनं कळतं. इथली कितीतरी आडनावं लिहिणाऱ्यांची स्वतःचीच आहेत. देशपांडे परगण्याचे हिशोब लिहीत, कुलकर्णी गावाचे. चिटणीस, पोतनीस, फडणवीस यांच्या शेपटीला जो फारसी तुकडा आहे तोच लिहिण्याचा. निजामाच्या राज्यात गावच्या कुलकर्ण्याला पटवारी म्हणत, म्हणून आमच्याकडं पटवारी हेही आडनाव झालं. पाटलाचेही दोन भाग, वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. निजामाच्या दिवाणानं, पहिल्या सालारजंगानं, १८६० च्या दशकात जिल्हे पाडले, वसुली पगारी तहसीलदारांकडं दिली आणि देशमुख-देशपांड्यांना रुसूम बांधून घरी बसवलं. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. काम गेलं, पैसा गेला, आडनाव राहिलं, आणि उपजीविकेला काही उरलं नाही की आडनाव जास्त जोरात उच्चारलं जातं असा माझा अनुभव आहे. स्टुअर्टांचं राजघराणं आठवावं: मूळचे स्कॉटलंडच्या राजाचे कारभारी, म्हणजे स्ट्यूअर्ड. आडनाव झालं, मग राज्यच मिळालं. आमच्याकडं उलटी वाट. एके काळचा राज्यकारभार आज लग्नपत्रिकेवरच्या दोन शब्दांत मावतो.

पाथरीत दुर्राणी आडनाव आहे. १७४७ मध्ये अहमदशाह अब्दालीनं ‘मोत्यांतला मोती’ अशी पदवी घेतली, तिच्यावरून त्याच्या कबिल्याला दुर्राणी म्हणू लागले. हा तोच अब्दाली, १७६१ चा, पानिपतचा. कुणा घराचा त्याच्याशी सांधा जोडायचा म्हणून हे सांगत नाही. पाथरीच्या बाजारात देशमुख आणि दुर्राणी एका टपरीवर चहा पितात आणि पानिपताचा विषय निघत नाही, एवढंच सांगायचं आहे.

पाथरीवरून आठवलं. शिर्डीच्या साईबाबांनी आपलं गाव, जात, आडनाव कधी सांगितलं नाही. १९१८ च्या दसऱ्याला ते गेले, न सांगताच. त्यानंतर विश्वास खेर या अभ्यासकांनी शोध घेऊन असं मांडलं की बाबांचं जन्मगाव पाथरी आणि घराणं भुसारी. पाथरीत त्या जागेवर मंदिर उभं राहिलं. शिर्डीनं हे मानलं नाही. २०२० च्या जानेवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी रुपये जाहीर केले, तसं १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. मी जिल्ह्याचा माणूस, पाथरीच्या बाजूनं बोलावं अशी अपेक्षा असते. पण ज्या माणसानं आयुष्यभर आडनाव सांगायचं टाळलं, त्याला मेल्यावर शंभर वर्षांनी आडनाव लावू नये असं मला वाटतं, मग ते आमच्या जिल्ह्यातलं का असेना. गंगाखेडच्या जनाबाईला कुणी आडनाव विचारत नाही. सातशे वर्षं तिचं काही अडलेलं नाही.

आणि परभणीनं एक माणूस असा पाहिला ज्यानं आडनाव आपणहून खाली ठेवलं. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३, सातोन्याचा. नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात, परभणीला, कारकुनाची. कुळाचं आडनाव गावच्या कारकुनाचं आणि पगारही कारकुनीचा. कवितेवर, कादंबरीवर त्यांनी सही केली ती मात्र बी. रघुनाथ अशी. आडनाव गेलं, भगवानचं इंग्रजी ‘बी’ तेवढं उरलं आणि बापाचं नाव राहिलं, म्हणजे पुन्हा तो उर्दू कागदातला वल्दच. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘आडगावचे चौधरी’: गाव आणि हुद्दा, आडनावं ज्या दोन गोष्टींतून होतात त्या दोन्ही. १९५३ मध्ये, पन्नाशीही न गाठता ते गेले. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथं कार्यक्रमाला येणाऱ्या पुष्कळांना बी. रघुनाथांचं आडनाव कुलकर्णी होतं हे माहीत नसतं, आणि ते त्यांना कुळाच्या किंवा जातीच्या कोणत्याही रकान्यात बसवू शकत नाहीत. माझ्या मते लेखकाचा एवढा लाभ पुष्कळ झाला.

आपल्याला ती चैन नाही. आपल्याला रकाना भरावा लागतो. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत निजामकाळच्या दप्तरांचे गठ्ठे सुटले. कुणबी नोंद शोधायला लोक तहसीलीत रांगा लावून उभे. तेव्हा एकाएकी सगळ्यांना कळलं की आपल्या आडनावानं शोधलं तर आजा-पणजा सापडत नाही. खासऱ्यात पणजोबा बापाच्या नावानं बसलेला, पट्ट्यावर गावाच्या नावानं. नोंद मिळाली तरी ती आपल्याच माणसाची हे दाखवायला वंशावळ हवी, आणि वंशावळ कुणाच्या तोंडी तीन पिढ्यांपलीकडं जात नाही. ज्यांच्याकडं मोडी किंवा उर्दू वाचणारा माणूस होता त्यांची धाव पुढं गेली. चाचांच्या दारात त्या दिवाळीत चपलांचा ढीग असायचा. ते कुणाकडून पैसे घेत नसत. चहा-साखरेचे पुडे मात्र इतके जमले की सून वैतागली.

आमचं वारसाचं काम शेवटी नाशिकला सुटलं. रामकुंडावरच्या उपाध्यायांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. काकांनी पवार सांगितलं, वडिलांनी वालूरकर. गुरुजींनी दोन्ही कानाआड केलं, वालूरची वही काढली आणि पणजोबांचं नाव विचारलं. लांबट वही, लाल दोरी, काठ काळे पडलेले. पणजोबा अस्थी घेऊन आले होते, त्यांच्या हाताची नोंद नव्हती, अंगठा होता. खाली आजोबांची सही, त्याखाली काकांचा जन्म, वडिलांचा जन्म. वडिलांच्या जन्माला महिना श्रावण लिहिला होता. १ जूनला श्रावण नसतो. वडील सत्तरीत पोचल्यावर त्यांना आपला खरा जन्ममहिना कळला आणि त्यावर ते इतकंच म्हणाले की आता पेन्शन त्या तारखेवर चालू आहे, बदलू नका.

त्या पानावर आजी होती, नावानिशी. पण लग्नाआधी ती कोण होती हे कुठंच नव्हतं. उर्दू कागदात पणजी नव्हती, शाळेच्या पटावर आई नव्हती. विल्यम थॅकरेच्या मुलींची आडनावं लेखकाच्या चरित्रकारांमुळं तरी माहीत आहेत. माझ्या आजीचं माहेर मानवतकडचं होतं, एवढंच घरात कुणीतरी सांगतं, आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, नाही, पालमकडचं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या आधी आईचं नाव घालायचं ठरवलं आहे. चांगलं केलं. पण त्या नियमातही शेवटचा शब्द आडनावाचाच आहे, आणि ते बहुतेक घरांत बापाकडूनच येणार.

चाचा आता थकले आहेत, एका डोळ्यानं दिसत नाही. परभणीत उर्दू शिकलेली मुलं पुष्कळ आहेत, पण निजामी कचेरीचं घसटत लिहिलेलं दप्तरी उर्दू सहज वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मोडी वाचणारी त्याहून थोडी. तेव्हा पेटीत असा एखादा कागद असेल तर तो लॅमिनेट करू नका, देव्हाऱ्यातही ठेवू नका. जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, वाचलेलं स्वच्छ मराठीत लिहून, तारीख घालून त्याच्यासोबत ठेवा. आणि लिहायला बसलाच आहात तर आजीचं, पणजीचं माहेर आणि तिकडचं आडनाव विचारून त्याच पानावर टाका. सांगणारं माणूस घरात अजून असेल तर हे आजच करा.